परिपत्रकापासून वर्गापर्यंत : दारव्हा तालुक्यातील मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण आणि नियमपालन

सार्वजनिक शाळेच्या प्रशासनाचा विषय निघाला की शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा मंत्रालयातील सचिव यांचाच विचार आधी होतो. परंतु शिक्षणविषयक कायदे आणि शासन निर्णय ओळीने वाचत गेले, तर त्यांतील बहुतेक कामे अखेर मुख्याध्यापकाच्या पदरात पडलेली दिसतात. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावणे, पोषण आहाराचा साठा तपासणे, प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती संगणकावर भरणे, अनुदानाचा हिशेब ठेवणे आणि बालकाच्या सुरक्षिततेला धोका दिसताच पोलिसांना कळवणे, ही सारी जबाबदारी एकाच पदाकडे येते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात ते पद अनेक ठिकाणी दोन शिक्षकी शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाकडे असते, आणि सकाळी परिपाठ घेणारी, दुपारी दोन वर्ग एकत्र शिकवणारी व्यक्तीच सायंकाळी तालुक्याला पाठवायचे पत्रक तयार करते. म्हणून मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण आणि नियमपालन हे दोन स्वतंत्र विषय मानता येत नाहीत. नियमाचा हेतू ज्याला शिकवला गेला नाही, त्याच्याकडून नियमाची कागदावरची पूर्तता होते. त्या नियमाचा लाभ मुलांपर्यंत पोहोचतोच असे नाही.

जनपद सभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत

दारव्हा तालुक्यातील गावोगावच्या प्राथमिक शाळा आज यवतमाळ जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहेत, परंतु ही व्यवस्था आरंभापासून अशी नव्हती. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने तहसीलवार जनपद सभा स्थापन झाल्या आणि स्थानिक कारभार त्यांच्याकडे आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाल्यावर पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ येथील तीन भिन्न पद्धतींची एक घडी बसवणे आवश्यक ठरले. त्यासाठी नेमलेल्या लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुली गावचे होते. या समितीच्या शिफारशींवर आधारलेला महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये मंजूर झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षण जिल्ह्याच्या निर्वाचित संस्थेकडे सोपवण्याचा निर्णय त्या काळी धाडसाचा होता, कारण त्यामुळे गावची शाळा गावकऱ्यांना जाब देण्याजोगी झाली.

या रचनेत जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी आणि गावाच्या पातळीवर मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. विस्तार अधिकारी आणि शाळा यांच्यातील अंतर भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये राज्याने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले. परिसरातील काही शाळांचे मिळून एक केंद्र आणि त्या केंद्रातील शाळांना भेटी देऊन शैक्षणिक मार्गदर्शन करणारा केंद्रप्रमुख, अशी ही कल्पना होती. तिचे मूळ कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सुचवलेल्या शालेय समूहात सापडते : जवळजवळच्या शाळांनी साधने आणि अनुभव वाटून घ्यावेत, म्हणजे लहान शाळा एकाकी पडणार नाही. केंद्रप्रमुखाने तपासनीस होण्यापेक्षा सहकारी व्हावे, हा त्या पदामागचा विचार आहे. परंतु पदे रिक्त राहिली आणि एकाकडे दोन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आला की भेटीची जागा दूरध्वनी घेतो आणि मार्गदर्शनाची जागा पत्रकाची मागणी घेते.

प्रभारी मुख्याध्यापक : नियमांच्या नजरेतून निसटलेली व्यक्ती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे शाळेची किमान मानके सांगणाऱ्या परिशिष्टात, पहिली ते पाचवीच्या शाळेला १५० हून अधिक विद्यार्थी असतील तेव्हा स्वतंत्र मुख्याध्यापक असावा आणि सहावी ते आठवीच्या शाळेला १०० हून अधिक विद्यार्थी असतील तेव्हा पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा, अशी तरतूद आहे. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या, तांड्या-वस्त्यांत विखुरलेल्या तालुक्यात १५० मुलांची प्राथमिक शाळा मोठ्या गावातच सापडते. लहान शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे कार्यभार येतो आणि तो प्रभारी मुख्याध्यापक म्हणून ओळखला जातो. त्याला मुख्याध्यापकाची सर्व कर्तव्ये लागू होतात. मुख्याध्यापकाचे वेतन, वेगळा वेळ आणि कार्यालयीन मदतनीस मात्र मिळत नाही.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने या पदाची अडचण अशी की ते पदोन्नतीने येत नाही, बदलीने येते. जिल्ह्यातील बदल्यांनंतर नवा शिक्षक शाळेत रुजू होतो, त्याची सेवा ज्येष्ठ ठरते आणि दाखल-खारीज रजिस्टर, साठा नोंदवही, रोकडवही, आवक-जावक, शेरेबुक आणि संगणक प्रणालींचे परवलीचे शब्द यांचा ताबा तो घेतो. कार्यभार हस्तांतराची यादी सह्यांनिशी पूर्ण होते, परंतु त्या प्रत्येक नोंदवहीचा अर्थ सांगणारा तास कोठेही नेमलेला नसतो. दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारखेची एक नोंद पुढे जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत त्या मुलाच्या पाठीशी राहते, आणि ती नंतर बदलायची तर वरिष्ठांची मान्यता लागते. हे पहिल्याच दिवशी ठाऊक असलेला मुख्याध्यापक पालकाकडून जन्माचा पुरावा मागताना घाई करत नाही. ठाऊक नसलेला मुख्याध्यापक अंदाजाने तारीख लिहितो, आणि त्या अंदाजाची किंमत ते मूल पंधरा-वीस वर्षांनी मोजते.

प्रशिक्षण कोठून मिळते

राज्यात शालेय प्रशिक्षणाची मुख्य संस्था पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद होय. तिच्या जिल्हा पातळीवरील शाखा म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, ज्यांना व्यवहारात डाएट म्हटले जाते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या संस्थांची योजना निघाली. दारव्हा तालुक्यातील शिक्षकांसाठी डाएट यवतमाळ येथे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर आहे. त्याखाली तालुक्याचे गट साधन केंद्र आणि त्याहून खाली समूह साधन केंद्र येते, जेथे केंद्रातील शाळांची शिक्षण परिषद भरते.

प्रशासनासाठी स्वतंत्र संस्थाही आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राज्य शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, जिला मिपा या लघुनामाने ओळखतात, शिक्षणाधिकाऱ्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांसाठी नियोजन आणि नेतृत्व या विषयांचे कार्यक्रम घेते. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने २०१२ मध्ये राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र सुरू केले. मुख्याध्यापकाचे काम हिशेब आणि नोंदी यांपुरते नसून शाळेतील शिकण्याला दिशा देणे हे आहे, ही या केंद्राची भूमिका आहे. स्वतःच्या खर्चाने आणि सवडीने शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका हा जुना आणि राज्यभर परिचित मार्ग आहे.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने निष्ठा हा कार्यक्रम सुरू केला. प्राथमिक स्तरावरील शिक्षक आणि शाळाप्रमुख या दोघांनाही त्यात सामावून घेतले गेले आणि करोनाकाळात त्याचे घटक दीक्षा या संगणकीय मंचावर उपलब्ध झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षातून किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास मिळावा असे म्हटले आणि शाळाप्रमुखांकडूनही तितक्याच तासांची अपेक्षा ठेवली, ज्यात नेतृत्व, व्यवस्थापन आणि अध्यापनशास्त्र हे तिन्ही भाग यावेत. म्हणजे प्रशिक्षणाच्या संधींची यादी आज लांब आहे.

अडचण संधीच्या वेळेत आणि ठिकाणात आहे. दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षक पाच दिवसांसाठी यवतमाळला गेला, तर मागे राहिलेल्या एकाकडे चार-पाच इयत्ता येतात. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात; तरीही राज्यस्तरावर आखलेले वेळापत्रक अनेकदा पुण्याच्या जूनप्रमाणे चालते. भ्रमणध्वनीवरचे प्रशिक्षण हा त्यावरचा उपाय मानला गेला, परंतु चित्रफीत संपली, प्रश्नावली भरली आणि प्रमाणपत्र उतरवून घेतले, एवढ्याने शाळेतील प्रत्यक्ष अडचण सुटत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेचे महत्त्व येथेच आहे : अंतर कमी, ओळख पक्की आणि एकमेकांच्या नोंदवह्या पाहता येतात. उपलब्ध असलेल्या सर्व व्यवस्थांत लहान शाळेच्या सर्वांत जवळची व्यवस्था हीच आहे.

शासन निर्णय वाचण्याची रीत

नियम बदलल्याची बातमी शाळेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आज बहुधा व्हॉट्सॲपचा समूह असतो. एकाच दिवसात विभागाचे परिपत्रक, जिल्ह्याचे पत्र, तालुक्याची सूचना आणि कोणीतरी तयार केलेला सारांश असे चार कागद येतात आणि त्यांतील मूळ कोणता हेच कळत नाही. म्हणून दस्तऐवजांचे प्रकार ओळखणे हे मुख्याध्यापकाच्या प्रशिक्षणाचे पहिले पाऊल असायला हवे. अधिनियम म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. नियम म्हणजे त्या कायद्याच्या अधिकारात सरकारने राजपत्रातून प्रसिद्ध केलेले तपशील. शासन निर्णय, ज्याला सर्वत्र जीआर म्हणतात, तो मंत्रालयातील विभागाचा धोरणात्मक आदेश. परिपत्रक हे त्या आदेशाच्या अंमलबजावणीची सूचना. आणि शुद्धिपत्रक हे आधीच्या मजकुरातील दुरुस्ती. खालचा दस्तऐवज वरच्याच्या विरोधात जाऊ शकत नाही.

एखादा शासन निर्णय हातात घेतला, तर आरंभी विषय, विभाग, क्रमांक आणि दिनांक दिसतो. त्यानंतर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ही यादी बहुतेक जण ओलांडून जातात, परंतु नवा निर्णय कोणत्या जुन्या निर्णयाच्या पुढचा आहे हे तिच्यावरूनच समजते. प्रस्तावनेत निर्णयाचे कारण असते, आणि प्रत्यक्ष निर्णयाच्या परिच्छेदांत ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ हे शब्द आले, तर जुना निर्णय रद्द होऊन त्याची जागा नव्याने घेतली, असा त्याचा अर्थ होतो. ते शब्द नसतील तर जुन्यातील बाकी तरतुदी चालू राहिल्या आहेत का, हे तपासावे लागते. शेवटच्या परिच्छेदात संगणक संकेतांक दिलेला असतो. त्यातील पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात, आणि तो संकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत मिळते. ज्या कागदाला संकेतांक नाही किंवा ज्याचा संकेतांक संकेतस्थळावर सापडत नाही, त्याच्या आधारे कार्यवाही करण्यापूर्वी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट. हे कौशल्य अर्ध्या दिवसात शिकवता येते आणि सेवाभर उपयोगी पडते.

बदललेले नियम आणि त्यांमागची कारणे

अलीकडच्या वर्षांत मुख्याध्यापकाच्या जबाबदारीवर सर्वाधिक परिणाम करणारे बदल बालसुरक्षेचे आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची जाणीव ज्या कोणाला होईल, त्याने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणे हाही गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडवला, तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाऊ शकते. गावात सर्वांची ओळख असते आणि प्रकरण बैठकीत मिटवावे असा दबाव येतो. अशा वेळी कायदा मुख्याध्यापकाला चौकशी करण्यास किंवा खरे-खोटे ठरवण्यास सांगत नाही, माहिती कळवण्यास सांगतो, हे त्याला आधीपासून स्पष्ट असले पाहिजे. बालकाची ओळख कोठेही उघड होऊ नये, हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे. मार्च २०२२ मध्ये राज्याने बालसुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची तरतूद केली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण उघड झाल्यानंतर सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती यांविषयीच्या सूचना नव्याने आणि अधिक कडकपणे देण्यात आल्या. तक्रार पेटी भिंतीवर लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ती कोण उघडणार, किती दिवसांनी उघडणार आणि आत सापडलेली चिठ्ठी कोणापर्यंत जाणार, हे ठरवणे म्हणजे नियमाचे पालन.

पोषण आहाराच्या नियमांतही हेच दिसते. प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळावे, हे प्रमाण ठरलेले आहे, आणि वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्नाची चव घेणे आवश्यक आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याला हे नाव परके नाही. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला होता. ज्या परिसरात घरोघरी फवारणीची औषधे आणि त्यांचे रिकामे डबे असतात, तेथे तेल कोणत्या डब्यातून आले, धान्य कोठे ठेवले आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी कोणते भांडे वापरले, हे पाहणे प्रत्येक मुलाच्या जिवाशी निगडित आहे. चव नोंदवहीतील रोजच्या सहीमागे गंडामन आहे, एवढे एकदा सांगितले की ती सही डोळे झाकून होत नाही.

तिसरा मोठा बदल माहितीचा आहे. यू-डायस प्लस ही शाळांची राष्ट्रीय माहिती प्रणाली २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय झाली, म्हणजे शाळेची एकूण पटसंख्या सांगण्याऐवजी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. राज्यात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याचा निर्णय, ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधारशी जुळलेल्या नोंदींवर होतो. दारव्हा आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या मुलांचे शिक्षण हमी पत्रक देणे, हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करणे आणि प्रणालीतील नोंद योग्य शाळेकडे वळवणे ही कामे न झाल्यास ते मूल दोन्हीकडे हरवते. नावातील एका अक्षराच्या फरकाने आधार जुळले नाही, तर शाळेचे पद धोक्यात येते आणि त्याची झळ मागे राहिलेल्या मुलांनाही बसते. अपार या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती घ्यायची असते. ती घेताना कागदावर काय लिहिले आहे हे बंजारा समाजाची गोरमाटी बोली बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेत समजावून सांगणारे कोणी असणे, हाही प्रशासनाचाच भाग आहे.

याखेरीज शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा सुरू झाल्या, ज्यांत अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली : निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, आणि त्याहून कमी काळ उरलेल्यांना पदोन्नती हवी असेल तर ती उत्तीर्ण व्हावी लागेल. नियमित मुख्याध्यापकपदाची वाट पदोन्नतीने जात असल्याने या निकालाचा परिणाम शाळांच्या नेतृत्वावर थेट होतो. दुसरीकडे कामाचा भार हलका करणारे निर्णयही झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करण्यात आली आणि २०२५ मध्ये शाळेतील अनेक समित्यांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या कमी करण्यात आली. असे निर्णयही तितक्याच तत्परतेने शाळेपर्यंत पोहोचले पाहिजेत, कारण आपल्याला काय करावे लागत नाही हे माहीत असणे हा मुख्याध्यापकाचा हक्क आहे.

समिती, अनुदान आणि आराखडा

नियमपालनाला गावाची साथ मिळवून देणारी यंत्रणा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्या सदस्यांपैकी तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. अध्यक्षपद पालकाकडे आणि सचिवपद मुख्याध्यापकाकडे असते. शाळा विकास आराखडा, म्हणजे येत्या तीन वर्षांत शाळेला काय लागेल याची वर्षनिहाय मांडणी, या समितीने करायची आहे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येप्रमाणे ठरते : ३० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला १०,००० रुपये, ३१ ते १०० असल्यास २५,००० आणि १०१ ते २५० असल्यास ५०,०००, त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. रक्कम लहान असली तरी तिचा विनियोग आधी ठरलेल्या आराखड्यातून झाला, तर मार्चच्या अखेरीस घाईघाईने होणारी खरेदी टळते आणि उपयोगिता प्रमाणपत्र लिहिताना जुळवाजुळव करावी लागत नाही. मजुरी बुडवून सभेला येणाऱ्या आईला ती सभा सायंकाळी ठेवून, हिशेब तोंडी वाचून दाखवून आणि मग इतिवृत्तावर सही घेऊन सामील करून घेता येते. ही पद्धत कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नाही, पण अनुभवी मुख्याध्यापक ती नव्याला शिकवू शकतो.

तालुक्याच्या हाती असलेले उपाय

या सर्व विवेचनातून दारव्हासारख्या तालुक्यासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्यांपैकी एकीलाही नव्या निधीची गरज नाही. पहिली, बदल्यांनंतर कार्यभार घेणाऱ्या प्रत्येक प्रभारी मुख्याध्यापकासाठी जूनच्या उत्तरार्धात, शाळा उघडण्यापूर्वी, गट साधन केंद्रात दोन दिवसांचे प्रवेश प्रशिक्षण असावे, ज्यात प्रत्यक्ष नोंदवह्या उघडून काम शिकवले जाईल. दुसरी, केंद्राच्या प्रत्येक शिक्षण परिषदेचा पहिला अर्धा तास त्या महिन्यात बदललेल्या नियमांना द्यावा; कोणता निर्णय अधिक्रमित झाला, शाळेने काय वेगळे करायचे आणि कशासाठी, एवढे तीन प्रश्न तेथे सुटावेत. तिसरी, वरून मागवल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्रकावर ते कोणत्या नियमाखाली हवे आहे आणि ती माहिती यू-डायस प्लसमध्ये आधीच आहे का, हे तालुका कार्यालयाने लिहून द्यावे, म्हणजे एकच माहिती चार वेळा भरण्यात जाणारा वेळ वर्गाला परत मिळेल.

नियम मंत्रालयात लिहिला जातो, परंतु तो पाळला जातो तांड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत. तेथे बसलेल्या शिक्षकाला राज्याने विश्वासाने आणि वेळेवर शिकवले, तर १९६२ मध्ये गावाच्या हाती दिलेली शाळा गावाच्या मुलांसाठी खऱ्या अर्थाने चालेल. त्या शिक्षकाचे प्रशिक्षण हा प्रशासनावरचा जादा खर्च ठरत नाही; कायद्याने मुलांना दिलेल्या शब्दाची ती पहिली अट आहे.